मार्शल म्हणजे नेमका कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांचा मराठी अनुवाद करताना ‘मार्शलने आरोपीला न्यायालयासमोर हजर केले’ अशा अर्थाचं वाक्य आलं. ‘मार्शल लॉ’ म्हणजे लष्करी कायदा आणि ‘फील्ड मार्शल’ म्हणजे लष्करातला सर्वांत वरचा हुद्दा, म्हणून तुम्ही तिथे ‘लष्करी अधिकाऱ्याने’ असं लिहिलंत. तपासणाऱ्यांनी ते खोडलं आणि कारण दिलं नाही. आता तुम्ही विचारता की हे सगळे मार्शल एकच का, आणि एकच असतील तर विधानसभेतला मार्शल लष्करातला कसा नाही?

खोडलं ते बरोबरच. कारण मात्र सांगायला हवं होतं, कारण हा घोटाळा नुसत्या निष्काळजीपणाने होत नाही. कायदा आणि लष्कर या दोन विषयांतले अनुवाद तपासण्यात माझी तीसेक वर्षं गेली, आणि या एका शब्दावर मी अनुभवी माणसांनाही अडखळताना पाहिलं आहे.

पहिली अडचण आपल्या लिपीतच आहे. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. त्यांचं स्पेलिंग वेगळं, कूळ वेगळं, उच्चार मात्र जवळजवळ एक. देवनागरीत आपण उच्चार लिहितो, त्यामुळे दोन्ही ‘मार्शल’ होतात आणि त्यांच्यातला फरक दिसण्याची सोयच उरत नाही. ‘मार्शल लॉ’, ‘कोर्ट मार्शल’ आणि ‘मार्शल आर्ट’ यांतला मार्शल हे विशेषण आहे. ‘फील्ड मार्शल’, ‘एअर मार्शल’ आणि सभागृहातला मार्शल यांतला मार्शल हे नाम आहे, माणसाचं पद आहे. विशेषणाचा नामाशी रक्ताचा संबंध नाही.

विशेषणाचं आधी उरकून टाकतो, कारण त्याची गोष्ट सरळ आहे. रोमन लोकांचा युद्धदेव मार्स. त्याच्या नावावरून लॅटिन ‘मार्शियालिस’ म्हणजे मार्सचा, युद्धाचा. मार्च महिना त्याचाच, मंगळ ग्रहाचं युरोपीय नाव त्याचंच, आणि फ्रेंच लोक मंगळवाराला ‘मार्दी’ म्हणतात तोही त्याचाच वार. म्हणून मार्शल लॉ म्हणजे युद्धाच्या रीतीचा कायदा. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 34 मध्ये तो ‘लष्करी कायदा’ या नावाने येतो. सोलापूरकरांना हा शब्द शिकवावा लागत नाही. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी देण्यात आलं. त्या शहराच्या आठवणीत ‘मार्शल लॉ’ हे शब्द इंग्रजीतच कोरले गेले आहेत. तिथला मार्शल हा मंगळाचा. तिथे कोणी ‘मार्शल’ नावाचा अधिकारी कायदा चालवत होता, असा अर्थ त्यात नाही.

आता नाम. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या वाक्याची किल्ली इथे आहे.

हा मार्शल तबेल्यातून आला. फ्रँक नावाच्या जर्मन कुळातल्या लोकांच्या भाषेत ‘मार्‌ह’ म्हणजे घोडा आणि ‘स्काल्क’ म्हणजे नोकर, दास. दोन्ही मिळून मार्‌हस्काल्क, म्हणजे घोड्यांचा चाकर. इंग्रजीत घोडीला ‘मेअर’ म्हणतात, तो याच ‘मार्‌ह’चा भाऊबंद. आपल्या ‘अश्व’शी मात्र त्याचं नातं जोडू नका, अश्वाचा सख्खा भाऊ लॅटिन ‘इक्वुस’ आहे. ‘मार्‌ह’ हा जर्मन आणि केल्टिक भाषांपुरताच सापडणारा शब्द आहे.

शब्दाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत. ‘स्काल्क’ म्हणजे दुसऱ्याच्या हुकमातला माणूस. जर्मनमधलं ‘गॉटशाल्क’ हे नाव म्हणजे देवाचा दास, म्हणजे आपल्या देवदास किंवा रामदासासारखंच. पुढे जर्मनमध्ये सुटा ‘शाल्क’ घसरून ‘लबाड, मिस्कील माणूस’ असा झाला. याच घडणीचा दुसरा शब्द ‘सेनेशल’, म्हणजे वाड्यातला जुना, वडीलधारा नोकर, घरकारभारी. त्यातला ‘जुना’ या अर्थाचा तुकडा लॅटिन ‘सेनेक्स’चा आणि आपल्या वैदिक ‘सन’चा नातलग आहे. म्हणजे सेनेशल आणि मार्शल हे एकाच वाड्यातले दोन चाकर, एक माजघरातला आणि एक तबेल्यातला.

या चाकराची किंमतही लिहून ठेवलेली आहे. आजच्या नैर्ऋत्य जर्मनीत आणि स्वित्झर्लंडच्या बाजूला राहणाऱ्या आलमान लोकांचा आठव्या शतकातला कायदा लॅटिनमध्ये उपलब्ध आहे. त्यात म्हटलं आहे की बारा घोड्यांवर नेमलेला मारिस्काल्कुस मारला गेला, तर मारणाऱ्याने 40 सॉलिडस भरपाई द्यावी. त्याच्या शेजारीच सेनेशलची किंमतही तेवढीच आहे. बारा घोडे आणि चाळीस नाणी एवढाच त्या काळचा मार्शल.

मराठी वाचकाला हे परकं वाटण्याचं कारण नाही. आपल्याकडे पागा होती, पागनीस होते, मोतद्दार होते. पुण्यातल्या हुजूरपागा शाळेचं नाव घेताना आपण नकळत पेशव्यांच्या खास घोड्यांची जागाच सांगत असतो. 1884 मध्ये सुरू झालेली मुलींची ती शाळा पेशव्यांच्या पागेच्या जागेवर उभी राहिली. मार्शल म्हणजे अशा हुजूरपागेतला माणूस, असं मी नव्या अनुवादकांना सांगतो. आणखी एक शब्द बघा. आज लोकसभेत निवडून जाणाऱ्याला आपण खासदार म्हणतो, पण जुन्या मराठीत खासदार म्हणजे घोड्याची चाकरी करणारा, मोतद्दार. घोड्याजवळचा शब्द राज्यसत्तेजवळ येणं हे काही युरोपातच घडलं असं नाही.

असं का घडतं, हे समजायला घोडा म्हणजे काय होतं ते आठवावं लागेल. राजाची ताकद घोडदळात होती. ज्याच्या हाती राजाचे घोडे, त्याच्या हाती वैरण, दाणा, नाल, मुक्कामाची जागा, कूच करण्याचा क्रम हे सगळं आपोआप येत गेलं. हजार घोड्यांचा तळ पाण्याजवळ नीट बसवायचा, कोणी कुठे तंबू ठोकायचा ते ठरवायचं, तळावर भांडण झालं तर मिटवायचं, चोरी झाली तर चोराला पकडून बांधून ठेवायचं. हे सगळं काम करणारा माणूस चार पिढ्यांनंतर नुसता मोतद्दार राहत नाही. राजाशी रोजची भेट, राजाचा विश्वास आणि शिस्त लावण्याचा अधिकार या तिन्ही गोष्टी त्याच्याकडे जमा झाल्या. फ्रेंचमध्ये तो ‘मारेशाल’ झाला आणि नॉर्मन लोकांबरोबर समुद्र ओलांडून इंग्लंडात गेला.

मात्र शब्द मोठा झाला म्हणून त्याचं जुनं काम सुटलं नाही, आणि मला या शब्दाबद्दल विशेष ओढ वाटते ती यामुळेच. फ्रान्समध्ये आजही घोड्याला नाल ठोकणारा कारागीर ‘मारेशाल-फेराँ’ म्हणवतो, म्हणजे लोखंडाचं काम करणारा मार्शल. आपल्या भाषेत त्याला एकच शब्द आहे, नालबंद. सभासदाच्या बखरीत शिवरायांच्या पागेची रचना सांगताना पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमल्याचं येतं. तो नालबंद आणि आलमानांचा बारा घोड्यांवरचा मारिस्काल्कुस समोरासमोर आले असते, तर एकमेकांचं काम त्यांना लगेच ओळखू आलं असतं. एकीकडे त्या शब्दातून फ्रान्सचे सेनापती निघाले आणि दुसरीकडे आपल्याकडे नालबंद हे आडनाव होऊन घराघरांत राहिलं. इंग्रजीतलं मार्शल हे आडनावही असंच आहे. मोहेंजोदडोच्या शोधाची बातमी जगाला देणारे पुरातत्त्व खात्याचे प्रमुख सर जॉन मार्शल, किंवा दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपला अमेरिकेची आर्थिक मदत देणाऱ्या ‘मार्शल योजने’चे जॉर्ज मार्शल, यांच्या नावात पद नाही, पूर्वजांचा तबेला आहे. ‘मार्शल योजना’ म्हणजे लष्करी योजना असं लिहिलेलं मी प्रत्यक्ष छापील मजकुरात वाचलं आहे, म्हणून हे सांगतोय.

तबेल्यात मार्शलचा एक वरिष्ठही होता. तो म्हणजे कॉन्स्टेबल. हो, आपला पोलीस कॉन्स्टेबल. उत्तर रोमन साम्राज्यात ‘कोमेस स्ताबुली’ म्हणजे तबेल्याचा सरदार. (यातला ‘स्ताबुलुम’ ग्रीकमार्गे अरबीत गेला आणि तिथून हिंदीत ‘अस्तबल’ होऊन आला, आपला ‘तबेला’ मात्र वेगळ्याच अरबी शब्दावरून आलेला आहे.) फ्रान्समध्ये कॉन्स्टेबल हा राजाखालोखाल सगळ्या सैन्याचा प्रमुख, आणि मार्शल त्याच्या हाताखालचे. 1627 मध्ये फ्रान्सने कॉन्स्टेबलचं पद कायमचं बंद केलं, आणि मार्शलच्या डोक्यावर कोणी उरलं नाही. इंग्लंडात कॉन्स्टेबल हा शब्द गावच्या शांततेची जबाबदारी घेणाऱ्या माणसाला लागला, तिथून पोलीस दलात आला आणि आपल्याकडे सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन थांबला. एकाच तबेल्यातून निघालेले दोन शब्द, थोरला खाली आला आणि धाकटा वर गेला.

आपला हवालदार हा याचा जुळा भाऊ म्हणावा असा आहे. शिवकाळात गडाचा हवालदार म्हणजे गडाचा मुख्य अधिकारी. गडाच्या किल्ल्या त्याच्याकडे असत. आज पोलीस ठाण्यात हवालदार म्हटलं की हेड कॉन्स्टेबल डोळ्यांसमोर येतो. त्यामुळे जुन्या कागदातला ‘हवालदार’ आजच्या अर्थाने वाचला तर गडाचा कारभारच उलटा समजतो. कॉन्स्टेबलचं तेच आणि मार्शलचंही तेच. पदांची नावं वाचताना काळ आणि देश धरूनच वाचायची असतात.

इंग्लंडातल्या मार्शलकडे आता बारकाईने बघू, कारण तुमच्या अमेरिकन मार्शलचा उगम तिथे आहे. तिथे हे पद एका घराण्याकडे वंशपरंपरेने आलं आणि पदाचंच आडनाव झालं. त्यातला विल्यम मार्शल हा सगळ्यात नावाजलेला. घरातला धाकटा मुलगा, जमीनजुमला नसलेला हा सरदार पाच राजांच्या काळात वावरला आणि 1216 मध्ये नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीच्या वतीने राज्य सांभाळणारा झाला. पुढच्याच वर्षी, सत्तरीच्या घरात असताना, त्याने लिंकनची लढाई स्वतः घोड्यावर बसून जिंकली. पुढे हे पद ‘अर्ल मार्शल’ या नावाने सरदारांकडे गेलं आणि 1672 पासून नॉरफोकच्या ड्यूक घराण्याकडे वंशपरंपरागत आहे. 2023 मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाची मांडणी त्यांच्याच हाती होती. कोणी कुठे बसायचं, मिरवणुकीत कोणाच्या मागे कोणी चालायचं, हे तळ बसवण्याचंच काम, फक्त आता घोड्यांच्या जागी मानकरी.

इथूनच इंग्रजीत क्रियापद तयार झालं. मार्शल करणे म्हणजे क्रमाने लावणे. वकील मुद्दे मार्शल करतो, आणि रेल्वेच्या मार्शलिंग यार्डात डबे क्रमवार लावून गाडी तयार होते. विमानतळावर हातात पट्ट्या किंवा दिवे घेऊन विमानाला जागेवर आणणारा माणूसही मार्शलरच. या ठिकाणी लष्कराचा वासही नाही.

मध्ययुगीन इंग्लंडात मार्शलकडे आणखी एक काम होतं, आणि तुमच्या वाक्यासाठी तेच महत्त्वाचं आहे. राजा जिथे मुक्काम करील तिथून बारा मैलांच्या परिघात राजाच्या घरच्या माणसांचे तंटे मार्शलच्या न्यायालयापुढे येत, आणि पकडलेली माणसं त्याच्या ताब्यात राहत. लंडनच्या साउथवर्क भागात ‘मार्शलसी’ नावाचा तुरुंग होता, तो यावरूनच. कर्जबाजारी माणसांना तिथे डांबत. चार्ल्स डिकन्सच्या वडिलांना 1824 मध्ये तिथेच ठेवलं होतं, आणि बारा वर्षांच्या मुलाला त्या वेळी कारखान्यात काम करावं लागलं. 1842 मध्ये तो तुरुंग बंद झाला. म्हणजे मार्शलच्या दोन वाटा फार पूर्वीच फुटल्या होत्या. एक वाट सैन्य चालवण्याची, दुसरी न्यायालयाचा हुकूम बजावण्याची आणि कैदी सांभाळण्याची.

या दुसऱ्या वाटेवर एक गुंता झाला, आणि तो समजला की तुमची चूक किती जुनी आहे हे कळेल. सैनिकांच्या गुन्ह्यांचा निवाडा कॉन्स्टेबल आणि मार्शल यांच्या न्यायालयात होत असे. त्यामुळे युद्धकाळाचा कायदा, म्हणजे मार्सचा मार्शल लॉ, आणि मार्शलने चालवायचा कायदा हे दोन्ही इंग्रजांनाच एक वाटू लागले, आणि जुन्या इंग्रजी लिखाणात मार्शल लॉचं स्पेलिंग अधिकाऱ्याच्या मार्शलसारखं केलेलंही सापडतं. आपल्या लिपीत फरक दिसत नाही ही अडचण खरी, पण ज्यांच्या लिपीत तो दिसत होता त्यांनीही गल्लत केली.

आता अमेरिका. 1789 च्या न्यायव्यवस्थेच्या कायद्याने केंद्रीय न्यायालयं उभी राहिली आणि त्याच कायद्याने प्रत्येक जिल्ह्यासाठी एक मार्शल ठरला. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी पहिले 13 मार्शल नेमले. समन्स बजावायचे, वॉरंटावर पकडायचं, कैद्याला न्यायालयात आणायचं आणि परत न्यायचं, न्यायाधीशांचं संरक्षण करायचं, अशी ही कामं. इंग्लंडातल्या मार्शलची दुसरी वाटच ती, फक्त राजाच्या जागी न्यायालय. केंद्र सरकारची गावोगावी पोहोचणारी दुसरी माणसंच नव्हती, म्हणून 1790 पासून 1870 पर्यंतची जनगणनाही मार्शलांनीच केली. शेरीफ हा वेगळा. तो काउंटीचा, म्हणजे राज्यातल्या एका छोट्या विभागाचा, बहुधा लोकांनी निवडलेला. गावचा मार्शल हा आणखी वेगळा; त्याला गावाने नेमलेलं असे. जुन्या पश्चिम अमेरिकेवरच्या लिखाणात हे तिन्ही एकत्र येतात. अनुवाद करताना तिघांनाही ‘पोलीस अधिकारी’ करून टाकलं, तर कोण कोणाच्या हुकमात आहे हेच हरवतं.

आणि या शब्दात हुकूम कोणाचा हेच सगळं आहे. 1850 च्या फरारी गुलामांच्या कायद्याखाली उत्तरेत पळून आलेल्या माणसांना पकडून मालकाकडे परत पाठवण्याचं काम मार्शलांवर आलं, आणि त्यांनी ते केलं. 14 नोव्हेंबर 1960 रोजी न्यू ऑर्लिअन्समध्ये सहा वर्षांच्या रूबी ब्रिजेस या कृष्णवर्णीय मुलीला गोऱ्यांच्या शाळेत सुरक्षित घेऊन जाणारेही मार्शलच होते. बाहेर ओरडणारा जमाव होता आणि ही मुलगी चार मार्शलांच्या मधून चालत गेली. दोन्ही वेळी त्यांनी न्यायालयाचा आणि कायद्याचा हुकूमच बजावला. पहिल्या वेळी कायदा अन्यायाचा होता, दुसऱ्या वेळी न्यायाचा.

यात एक गोष्ट मला कायम हलवून सोडते. 1877 मध्ये राष्ट्राध्यक्ष हेस यांनी फ्रेडरिक डग्लस यांना राजधानी वॉशिंग्टनच्या जिल्ह्याचे मार्शल नेमलं. डग्लस मेरीलँडमध्ये गुलामीत जन्मले होते, तिथून पळाले होते, आणि पळालेल्यांना पकडण्याचं काम ज्या पदाकडे होतं त्याच पदावर बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय झाले. शब्दाचा मूळ अर्थ ‘घोड्यांचा दास’ आहे हे मनात ठेवून ही नेमणूक वाचली, की काही क्षण पुढचं वाचवत नाही.

लष्करी मार्शल पटकन सांगतो. नेपोलियनने 1804 मध्ये एकदम 18 जणांना साम्राज्याचे मार्शल केलं. पुढे ही संख्या 26 झाली. मार्शलच्या हाती मखमलीने मढवलेला दंड असे. 1813 मध्ये स्पेनमधल्या व्हिटोरियाच्या लढाईत मार्शल जुर्दाँ यांचा दंड इंग्रजांच्या हाती लागला, तो वेलिंग्टनने इंग्लंडच्या युवराजाकडे पाठवला आणि बदल्यात युवराजाने त्याला फील्ड मार्शल केलं. हा वेलिंग्टन म्हणजे 23 सप्टेंबर 1803 रोजी जालना जिल्ह्यातल्या आसई इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. ब्रिटनमध्ये फील्ड मार्शल हा हुद्दा 1736 पासून आहे. फ्रान्समध्ये मात्र जुन्या राजवटीतला ‘मारेशाल द काँ’, शब्दशः तळाचा मार्शल, हा बराच खालचा सेनानी होता, आणि ‘मारेशाल दे लोजी’ हा तिथल्या घोडदळात आणि जाँदार्मरीत, म्हणजे लष्करी शिस्तीच्या पोलीस दलात, चक्क सार्जंटच्या बरोबरीचा हुद्दा आहे. फ्रेंच मजकूर इंग्रजीमार्गे मराठीत येताना सार्जंटचा सेनापती होतो तो इथेच.

भारतात फील्ड मार्शल दोनच झाले, जानेवारी 1973 मध्ये सॅम माणेकशा आणि 1986 मध्ये करिअप्पा. हवाई दलात 2002 मध्ये अर्जन सिंग हे ‘मार्शल ऑफ द एअर फोर्स’ झाले. फील्ड मार्शलला ‘सरसेनापती’ म्हणू नका. सरसेनापती हे सैन्य चालवण्याचं काम आहे आणि आपल्याकडे फील्ड मार्शल हा जन्मभर टिकणारा सन्मान आहे. माणेकशा यांना तो निवृत्तीच्या तोंडावर मिळाला. शब्द आहे तसा ठेवावा, मराठी वाचकाला तो कळतो. एअर मार्शल हा आपल्या हवाई दलात लेफ्टनंट जनरलच्या बरोबरीचा हुद्दा. ब्रिटिश हवाई दलाने ही नावं 1919 मध्ये घेतली आणि तिथून ती आपल्याकडे आली. पण अमेरिकन बातमीतला एअर मार्शल म्हणजे प्रवासी विमानात साध्या कपड्यात बसलेला सशस्त्र रक्षक. आपल्याकडे 1999 च्या अपहरणानंतर असे रक्षक विमानांत ठेवले गेले, त्यांना स्काय मार्शल म्हणतात. बातमीत ‘एअर मार्शल’ दिसला तर आधी देश बघा. लष्करातच प्रोव्होस्ट मार्शल हाही असतो, लष्करी पोलिसांचा प्रमुख. त्याच्यात दोन्ही वाटा एकत्र येतात: गणवेश सैन्याचा, काम ताब्यात ठेवण्याचं.

आणि आपले सभागृहातले मार्शल? अध्यक्ष सांगतात ‘सदस्यांना बाहेर न्या’ आणि मार्शल नेतात. तो अध्यक्षांच्या हुकमातला माणूस, लष्कराचा नव्हे. हा फरक किती सहज निसटतो हे 2019 मध्ये दिसलं. राज्यसभेच्या 250 व्या अधिवेशनात सभापतींच्या दोन्ही बाजूंचे मार्शल बंदगळा आणि फेट्याऐवजी लष्करी धाटणीच्या गणवेशात, पुढे छज्जा असलेल्या टोपीसह उभे राहिले. माजी लष्करी अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला आणि सभापती वेंकय्या नायडू यांनी फेरविचार करायला सांगितलं. मला त्या वेळी वाटलं, अजूनही वाटतं, की फेटाच योग्य होता. तो वाड्यातल्या विश्वासू माणसाचा पोशाख आहे, आणि हे पदही तेच आहे. पोलंडमध्ये गंमतशीर उलट आहे. तिथे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षालाच मार्शल म्हणतात. पोलिश बातमीत ‘मार्शलनी सदस्याला बोलू दिलं नाही’ असं आलं, तर ते अध्यक्षच आहेत.

मुंबईत रस्त्यावर थुंकणाऱ्याला दंड करायला महापालिकेने नेमलेला क्लीन-अप मार्शल, आणि पुण्यात दुचाकीवरून गस्त घालणारे बीट मार्शल, हे दोघेही दुसऱ्या वाटेवरचेच. बीट मार्शल तर पुन्हा स्वारीवर बसला आहे.

तेव्हा तुमच्या वाक्याकडे परत येऊ. अशा ठिकाणी मी आधी एकच प्रश्न विचारतो: हा मार्शल कोणाचा माणूस आहे? राजाचा, सेनेचा, सभागृहाचा, महापालिकेचा की न्यायालयाचा? तुमच्या कागदपत्रात खटला केंद्रीय न्यायालयातला आहे आणि मार्शल आरोपीला हजर करतो आहे, म्हणजे तो न्यायालयाचा हुकूम बजावणारा केंद्रीय अधिकारी. ‘बेलिफ’ लिहू नका, आपल्याकडे बेलिफ म्हटलं की दिवाणी दावे आणि जप्ती आठवते आणि हा माणूस शस्त्रधारी आहे. ‘पोलिसांनी’ही नको, कारण तो पोलीस खात्याचा नाही. पहिल्यांदा येतो तिथे ‘केंद्रीय न्यायालयाच्या मार्शलने आरोपीला न्यायालयासमोर हजर केले’ असं पूर्ण लिहा, आणि पुढे सगळीकडे नुसतं ‘मार्शल’ ठेवा. त्याच कागदपत्रात पुढे कुठे कोर्ट मार्शलचा उल्लेख आला, तर तिथे मात्र ‘लष्करी न्यायालय’ करा. तो शब्द मंगळाचा आहे.